सावकारी पाश : पडद्यावरचे कुटुंब आणि चौकटीबाहेरची माणसे
(चिरनेर येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिरनेरच्या भूमीवर चित्रपटाविषयी बोलायचे म्हणजे काहींना ते अस्थानी वाटण्याचा संभव आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या रानात गोळीबार झाला, त्या गावात चर्चा व्हावी ती जंगलाची, जमिनीची, हक्काची. पडद्यावरच्या सावल्यांची चर्चा येथे कशाला, असा प्रश्न कोणी केला तर तो गैर नव्हे. परंतु ज्या चित्रपटाविषयी आज बोलायचे आहे, त्याचा विषयही जमीन हाच होता आणि तो चिरनेरच्या सत्याग्रहाच्या केवळ पाच वर्षे आधी लोकांपुढे आला होता. 'सावकारी पाश' हा तो मूकपट. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने तो १९२५ साली काढला. दिग्दर्शक बाबूराव पेंटर, कथा नारायण हरी आपटे यांची, आणि तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम.

कथा थोडक्यात अशी : कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते, गावात पोट भरण्याचा मार्ग उरत नाही आणि तो शहराची वाट धरून गिरणीत मजूर होतो. आज ही गोष्ट ऐकणाऱ्याला तीत नवे काही वाटणार नाही, इतकी ती परिचयाची झाली आहे. बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' १९५३ साली आला व जगभर नावाजला गेला. त्याच्या अठ्ठावीस वर्षे आधी कोल्हापूरच्या एका कारागिराने हीच वाट पडद्यावर चितारली होती. तो काळ देवदेवतांचा आणि राजामहाराजांचा. स्वतः बाबूरावांची कीर्ती 'सैरंध्री' (१९२०) व 'सिंहगड' (१९२३) या चित्रपटांवर उभी होती. 'सैरंध्री' पाहून लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमाकेसरी' म्हणून गौरविले होते. अशा माणसाने मुकुट, गदा आणि तलवारी बाजूला सारून खोपटात कॅमेरा नेला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

त्या मूकपटाची एकही प्रत आज उरलेली नाही. मूकपटांच्या जमान्यात या देशात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले, त्यांतले वाचले ते फारच थोडे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले तोवर त्या ज्वालाग्राही फिती जळून, कुजून, काही तर त्यांतील चांदीसाठी गाळून नष्ट झाल्या होत्या. 'सावकारी पाश' राहिला तो आठवणींत. जे. बी. एच. वाडिया यांनी पुढे सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे : अंधुक प्रकाशात टिपलेले एक उदास खोपटे आणि त्यात ऐकू येणारे कुत्र्याचे रडणे. चित्रपट मुका होता, तरीही पाहणाऱ्याच्या कानात कुत्र्याचे रडणे राहिले. दारिद्र्य नुसते दाखवणे आणि ते पाहणाऱ्याच्या अंगाला भिडवणे यांतील फरक यापेक्षा नेमका सांगता येणार नाही.

इतके ऋण मान्य केल्यावर आता पुढचा प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो परक्याच्या नव्हे तर घरच्या माणसाच्या नात्याने विचारला पाहिजे. त्या खोपटात राहत होते कोण? पडद्यावर जो 'शेतकरी' आला, ज्याचा पुढे 'कामगार' झाला, त्याच्या आडनावात, त्याच्या उंबरठ्याच्या आत, या देशातील किती शेतकरी आणि किती कामगार मावत होते?

या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी फार लांब जायला नको. चिरनेरच्या हुतात्म्यांची नावे वाचावीत. त्यांत पाटील आहेत, म्हात्रे आहेत, फोफेरकर आहेत. कोळी आहेत. न्हावी आहेत. आणि नाग्या महादू कातकरी आहेत. चिरनेर, कोप्रोली, मोठी जुई, धाकटी जुई, पाणदिवे, खोपटे, दिघोडे अशी गावे त्या नावांपुढे लागतात. शेती करणारा आगरी, मासे मारणारा कोळी, वस्तरा चालवणारा न्हावी आणि रानावर जगणारा कातकरी असे एका दिवशी, एका गोळीबारात, एका मातीत पडले. पनवेलचे मामलेदार जोशी हेही त्याच गोळीबारात मरण पावले. तेव्हाच्या पनवेल तालुक्यातील या लढ्याची ही यादी कोणी समित्या नेमून, जातवार जागा वाटून तयार केलेली नव्हती. जंगल ज्याचे त्याचे वेगवेगळ्या रीतीने पोट भरत होते, म्हणून कायद्याचा फासही प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रीतीने बसला होता. आगऱ्याला आगोटीपूर्वी राब भाजायला पाला व घरावर घालायला लाकूड हवे होते. कातकऱ्याला जंगल हेच घर, हीच शेती आणि हाच बाजार होता.

या यादीशेजारी 'सावकारी पाश' ठेवला म्हणजे चौकट कोठे आखली गेली ते दिसू लागते. कर्जापायी जमीन जाण्याची कथा ही ज्याच्याकडे गहाण टाकायला जमीन आहे त्याचीच असू शकते. ज्याच्याकडे सातबाराच नाही, त्याच्यावर कर्ज नसते असे नव्हे. तो गहाण पडतो तो स्वतः. ठाणे जिल्ह्यात वारल्यांमध्ये लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा रकमेपायी नवरा आणि नवी नवरी दोघेही जमीनदाराच्या दारी राबत आणि त्यांना 'लग्नगडी' हे नाव होते. कोर्टकचेरी नाही, लिलाव नाही, शहराकडे निघण्याचे स्वातंत्र्यही नाही. १९४५ साली किसान सभेच्या झेंड्याखाली वारल्यांनी ही प्रथा मोडून काढली, त्याची कहाणी गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सांगितली आहे. वेठबिगार कायद्याने संपली ती १९७६ साली. कातकऱ्यांच्या कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर कायदा किती पोचला, हे रायगड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. 'सावकारी पाश'मधला शेतकरी शहराकडे चालू लागतो तेव्हा त्याची शोकांतिका पूर्ण होते. लग्नगड्याला तसे चालू लागता आले असते तर ती त्याची मुक्ती ठरली असती.

बाबूरावांवर याचा ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. कलावंताला दिसते ते त्याच्या गल्लीतून दिसते. त्यांची गल्ली कोल्हापूरची होती, तेथील शेतकऱ्याचे दुखणे सावकार हेच होते आणि त्याला मोठा इतिहास होता. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांच्या वह्या जाळणारा उठाव सुरू झाला व त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्या उठावाचा रोख बहुतांशी मारवाडी व गुजर सावकारांवर होता. नंतरच्या पुष्कळ कथा-नाटकांत सावकार म्हटला की पगडी, बोलण्यातली हेल आणि जात ठरलेली असे. शोषणाचे यंत्र सोडून शोषकाच्या पोशाखावर दात खाण्याची ही सवय चळवळीलाही कधीकधी लागली, आणि तिचा लाभ कोणाला झाला हे पुढच्या काळाने दाखवले. कोकणात तर सावकार आणि खोत हे बहुधा एकाच देवळातले, एकाच भाषेतले असत. अलिबाग तालुक्यात १९३३ साली चरीच्या कुळांनी जो संप सुरू केला व सहा वर्षे चालवला, तो परक्याविरुद्ध नव्हता. नारायण नागू पाटलांनी त्याचे नेतृत्व केले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठबळ दिले. १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयकही आंबेडकरांनीच मुंबई विधिमंडळात मांडले.

आता पडद्यामागे पाहू. तेथले चित्र पडद्यावरच्या चित्रापेक्षा कितीतरी संपन्न आहे, आणि ही गोष्ट चित्रपटाच्या इतिहासात तळटीप म्हणून जाते हेच नवल. बाबूराव स्वतः मेस्त्री घराण्यातले, सुतारकाम-लोहारकामाबरोबर चित्रकला आणि शिल्पकला हातात असलेल्या कारागिरांच्या वंशातले. त्यांनी व सहकाऱ्यांनी कॅमेरा विकत घेण्याऐवजी घरी बनवला. कंपनी उभी राहिली ती तानीबाई कागलकर या गायिकेने दिलेल्या पैशाच्या आधाराने. सावकारशाहीवरचा पहिला चित्रपट काढणारी संस्था एका गाणाऱ्या बाईच्या विश्वासावर उभी होती! कंपनीत विष्णुपंत दामले होते, शेख फत्तेलाल होते, केशवराव धायबर होते आणि जैन वडील व हिंदू आई यांच्या पोटी जन्मलेले, रेल्वेच्या कारखान्यात काम करून आलेले शांताराम होते. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात, जेथे १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या गेल्या, तेथे ब्राह्मण, मराठा, मुसलमान, जैन, कारागीर एका छताखाली घाम गाळत होते. स्टुडिओ हा एका अर्थी छोटा कारखानाच होता, आणि त्या कारखान्यात जे सहज घडले ते गिरणीत घडत नव्हते.

मात्र त्याच छताखाली स्त्रियांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'त (१९१३) तारामती झाले होते अण्णा साळुंके, कारण बाई मिळाली नाही. बाबूरावांनी 'सैरंध्री'त स्त्रियांची कामे स्त्रियांनाच दिली. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या त्या दोघी. चित्रपट-इतिहासकार नोंदवतात की त्यांच्या समाजाने त्यांना वाळीत टाकले व त्यांना स्टुडिओच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. आणि पडद्यावर त्यांची नावे बदलली : गुलाबबाईंच्या कमलादेवी झाल्या, अनसूयाबाईंच्या सुशीलादेवी. 'बाई' जाऊन 'देवी' आली. प्रेक्षकाला चेहरा चालत होता, त्या चेहऱ्यामागचे घर चालत नव्हते. 'सावकारी पाश'च्या नामावलीतही कमलादेवी हेच नाव आहे. कष्टकऱ्यांच्या घरातील बाई पडद्यावर यायला एका बाईला आपले मूळ नाव दाराबाहेर ठेवावे लागले, हे प्रतिनिधित्वाच्या चर्चेत कोणत्याही आकडेवारीपेक्षा अधिक बोलके आहे.

शिवाय या चित्रपटाचे जे कथासारांश हाती आले आहेत ते सर्व 'तो'चे आहेत : त्याची जमीन गेली, तो शहरात आला, तो मजूर झाला. कुटुंब होते, पण कथा एकाची झाली. वस्तुस्थिती काय होती? १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा भाग स्त्रिया होत्या, वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत, पुरुषांहून कमी पगारावर. कोकणातल्या गिरणीकामगाराचे कुटुंब तर एका खोलीत नव्हतेच. तो परळला, ती रत्नागिरी-कुलाब्यात चार गुंठे भात लावणारी, आणि दोघांमध्ये मनिऑर्डर. परळ-लालबागेत एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या हा तर गिरणीचाच एक अदृश्य विभाग होता. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले तेव्हा या बायकांची पहिल्यांदा मोजदाद झाली असे म्हटले तरी चालेल. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपात अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांच्या ताटाखाली कोणाची उधारी होती याचा हिशेब संपाच्या इतिहासात शोधूनही सापडत नाही.

येथे काही कार्यकर्त्यांच्या मनात एक शंका येते व ती मोकळेपणाने मांडली पाहिजे. कामगार हा कामगार, त्याची जात, त्याचा धर्म, तो पुरुष की स्त्री हे काढत बसल्याने एकजूट फुटते, मालकाच्या पथ्यावर पडते, म्हणून कष्टकऱ्याचे एकच सर्वसामान्य चित्र रंगवणे हेच शहाणपणाचे आहे, असा तो विचार. हा विचार प्रामाणिक आहे. पण गिरणीचाच अनुभव त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

'सावकारी पाश'मधला शेतकरी गिरणीच्या फाटकात शिरला. समजा तो महार असता, तर त्याला विणकाम खात्यात प्रवेश मिळाला असता काय? नसता. धोट्यातून सूत ओढण्यासाठी तोंड लावावे लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला स्पृश्य कामगार तोंड लावायला तयार नसे. म्हणून अधिक पगाराचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद आणि कमी पगाराची कताईची खाती तेवढी खुली. ही बंदी कोणत्याही मालकाने कायद्याने घातलेली नव्हती. ती कामगारांनी कामगारांवर घातलेली होती. १९२८च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी पुढाऱ्यांना बजावले की सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क मागण्यांत घातला नाही, तर आपल्या लोकांना संपात भाग न घेण्यास सांगावे लागेल. पुढाऱ्यांनी ती मागणी नाइलाजाने यादीत घेतली. गिरणीमालकांनी ती वाचून कामगार-पुढाऱ्यांनाच टोला दिला की हा अन्याय असेल तर त्याला जबाबदार मालक नव्हेत. मालकाच्या तोंडून निघालेले ते वाक्य कामगार चळवळीच्या जिव्हारी लागण्यासारखे होते, आणि लागायलाच हवे होते. एकजूट भेद काढल्याने फुटली नाही, तो झाकून ठेवल्याने ती आधीच फुटलेली होती.

म्हणजे एका मूकपटातील कुटुंबाला जात नव्हती, एवढ्यावर समाधान मानता येत नाही. जात न दाखवलेला शेतकरी प्रेक्षकाच्या मनात आपोआप आपल्याच जातीचा होतो, आणि चौकटीबाहेरच्याला बाहेरच ठेवतो.

पडद्यावर कामगार येणे हेच मुळात सत्तेला किती खुपते, याचा एक दाखला येथे सांगण्यासारखा आहे. १९३४ साली मोहन भवनानी यांनी प्रेमचंद यांच्या कथेवर 'मिल' ऊर्फ 'मजदूर' हा बोलपट काढला. गिरणी, मालक, संप असा विषय. मुंबईच्या अभ्यवेक्षण मंडळाने तो अडवला. ज्या शहराची ती गोष्ट होती त्याच शहरातल्या कामगाराला तो दिसू नये अशी व्यवस्था झाली. आज त्याचीही प्रत उपलब्ध नाही. बाबूरावांची कंपनी 'सावकारी पाश'नंतर पुन्हा पुराणकथांकडे व इतिहासाकडे वळली. १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम बाहेर पडून त्यांनी प्रभात काढली. बाबूरावांना मात्र तो विषय स्वस्थ बसू देईना. १९३६ साली शालिनी सिनेटोनमध्ये त्यांनी 'सावकारी पाश' पुन्हा बोलपटात काढला. एकाच दुखण्याकडे दिग्दर्शकाने अकरा वर्षांनी परत यावे, यात त्याची निष्ठा दिसते.

नंतरच्या मराठी पडद्याने या जिल्ह्यातील माणसांना कसे वागवले? कोळी म्हटला की लुगडे, टोपली, ठेका आणि नाच. मिठागरात पायाला भेगा पडलेला आगरी शोधून सापडत नाही. ठाकरांवर 'जैत रे जैत' (१९७७) आला, जब्बार पटेल यांनी तो मनापासून काढला, त्यातली गाणी घराघरांत गेली. पण ठाकर झाले ते मोहन आगाशे आणि ठाकरीण झाल्या स्मिता पाटील. त्यांच्या अभिनयाला नावे ठेवण्याचा हेतू नाही. रानातल्या माणसाची कथा सांगायची झाली तरी ती नागर माणसाच्या तोंडूनच सांगितली जाते, एवढेच निदर्शनास आणायचे आहे. कॅमेरा घरी बनवणाऱ्या मेस्त्र्याच्या मुलाची परंपरा मराठी चित्रपटाने मिरवली खूप, चालवली थोडी.

उरण-पनवेल पट्ट्यात तर त्या जुन्या कथेचा उत्तरार्ध लोकांनी डोळ्यांनी पाहिला आहे. येथे सावकाराच्या जागी सिडको आली, बंदर आले. जमीन कर्जात गेली नाही, संपादनात गेली. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. भूखंड कोणाला मिळाले? ज्याच्या नावावर जमीन होती त्याला. कुळाला मिळाले ते भांडून. ज्या कातकरी वाडीच्या पायाखालची जागा कधीच कोणाच्या नावे लागली नाही तिला, आणि खाडीवर जाळे टाकणाऱ्या कोळ्याला ज्याच्या पाण्याचा सातबारा नसतो, त्यांना त्या टक्केवारीत काय आले? १९२५ साली कॅमेऱ्याने जी चौकट आखली, तीच चौकट साठ वर्षांनी महसूल खात्याच्या दप्तरात निघाली. आणि पुष्कळदा चळवळीच्या निवेदनातही.

चिरनेरच्या खटल्यात आरोपींच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या वकिलांत डॉ. आंबेडकर होते. तेथे आरोपींच्या पिंजऱ्यात आगरी, कोळी, कातकरी एका ओळीत उभे होते. त्या पिंजऱ्याचे चित्र कोणी घेतले नाही. ते कधी पडद्यावर आलेच, तर नाग्या कातकऱ्याचे काम कोणाला द्यायचे आणि त्याच्या बायकोचे नाव नामावलीत काय लावायचे, हा प्रश्न मुंबईच्या निर्मात्याच्या टेबलावर जाण्याआधी चिरनेरच्या वाडीत बसून ठरवता येईल. वाडी येथून अर्ध्या तासाच्या चालीवर आहे.